सहा नंबरचे नातेवाईक

एका श्वासात किती आकडे म्हणता येतात, हे मोजायला मला एका निवासी डॉक्टरनं शिकवलं. पंचविशीतला मुलगा, जागरणानं डोळे तारवटलेले. ह्यांना म्हणाला, "काका, छाती भरून श्वास घ्या आणि मध्ये न थांबता एक-दोन-तीन म्हणत जा." हे एकतिसावर थांबले. मग तो माझ्याकडे वळला. "काकू, दर दोन-तीन तासांनी मोजा. आकडा उतरायला लागला तर सांगा. वीसच्या खाली गेला तर मी झोपलेला असलो तरी उठवा."

23 जानेवारी 2025ची संध्याकाळ. त्या महिन्यात सिंहगड रस्त्याच्या आमच्या पट्ट्यात, म्हणजे धायरी, नांदेड, किरकटवाडी, नांदोशी ह्या बाजूला, जीबीएस हा शब्द दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी झाला होता. गुलेन बॅरी सिंड्रोम. एरवी लाखात एखाद-दुसऱ्याला वर्षभरात होणारा आजार, आणि त्या हिवाळ्यात पुण्यात रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. पाण्याकडे बोट दाखवलं जात होतं. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला होता. आधी जुलाब होतात, ते थांबतात, माणूस कामाला लागतो. आणि आठ-दहा दिवसांनी, जिवाणूशी लढायला उभी राहिलेली शरीरातली फौज आपल्याच नसांच्या आवरणावर तुटून पडते. आमच्याकडे अगदी याच क्रमानं घडलं. संक्रांतीच्या आधी दोन दिवस जुलाब. मग सगळं ठीक. आणि 21 तारखेला सकाळी हे नऱ्ह्याच्या वर्कशॉपला निघाले, तेव्हा एका पायातली चप्पल जिन्यातच राहिली आणि ती राहिल्याचं ह्यांना खाली रस्त्यावर गेल्यावर कळलं. पायाला मुंग्या येतायत, म्हणाले. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठडा धरला. तिसऱ्या दिवशी लेथवरचा जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, उचलताना हातातून सुटला. तीस वर्षं लेथ चालवणाऱ्या माणसाच्या हातातून जॉब सुटत नाही.

रात्री आठला ह्यांनी चहा मागितला. दोन घोट घेतले, ठसका लागला आणि चहा नाकातून आला. मी पाठ चोळली, टॉवेलनं तोंड पुसलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. ठसका काय, कोणालाही लागतो. गिळायचे स्नायू ढिले पडल्याची ती खूण होती हे मला चार दिवसांनी समजलं, फुप्फुसात न्यूमोनिया झाल्यावर. तो त्या चहानंच झाला असं कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तो तसाही होतो. तरी तो कप माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. हे आधी लिहिते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मी बऱ्याच ठिकाणी शहाणपणानं वागलेली दिसेन.

दहाला चोवीस. पावणेतीनला सतरा.

मी काउंटरवर गेले. म्हटलं, "सिस्टर, ह्यांना कसंतरीच होतंय, जरा बघता का?" सिस्टर येऊन मॉनिटर बघून गेल्या. "ऑक्सिजन 98 आहे काकू. झोपू द्या त्यांना. तुम्ही टेन्शन घेऊ नका." त्यांची काही चूक नव्हती. वॉर्डात तीस पेशंट, रात्रीला दोघी. आणि 98 हा आकडा कोणालाही धीर देईल असाच आहे. पण ह्या आजारात फुप्फुसं चांगलीच असतात, भाता ओढणारे हात थकतात. त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत छान दिसत राहतो आणि मग एकदम कोसळतो. हे मला त्या मुलानंच संध्याकाळी सांगितलं होतं.

मी परत गेले, शाळेची हजेरीची वही काढली (तिच्याच मागच्या पानावर लिहिलं होतं) आणि काउंटरवर उघडून ठेवली. "सहा वाजता एकतीस. दहाला चोवीस. आत्ता सतरा. डॉक्टरांनी वीसच्या खाली आलं तर उठवायला सांगितलंय." तीच मी, तोच माणूस, पाचच मिनिटं मध्ये गेलेली. सिस्टरनी फोन उचलला.

साडेचारला आयसीयूत ह्यांच्या घशात नळी गेली. धावपळ झाली नाही, भूल देणाऱ्या डॉक्टर शांतपणे सगळं समजावून सांगत होत्या. नळी घालण्याआधी हे मला काहीतरी म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की मला कळलं नाही. "काय?" म्हणेपर्यंत मला बाहेर जायला सांगितलं. त्यानंतर साडेपाच आठवडे मी ह्यांचा आवाज ऐकला नाही.

आयसीयूबाहेर नावं नसतात. लोखंडी खुर्च्यांची रांग असते आणि दर थोड्या वेळानं दार किलकिलं होऊन हाक येते: "चार नंबरचे नातेवाईक!" "अकरा नंबरचे नातेवाईक!" आमचा सहा नंबर. पहिल्या हाकेला मी उठले तर दारातला वॉर्डबॉय माझ्या मागे बघत म्हणाला, "पुरुष माणूस कोणी नाही का बरोबर?" वाईट हेतूनं नाही, सवयीनं. कागद भाऊजींच्या हातात जायचे, डॉक्टर भाऊजींकडे बघून बोलायचे. भाऊजी बिचारे साताऱ्याहून रात्रीच्या एसटीनं आलेले. ह्यांना कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना म्हटलं, "भाऊजी, तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा. बोलते मी." ते लगेच हो म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. पुढच्या प्रत्येक कागदावर, नात्याच्या रकान्यात, मी माझ्या हातानं 'पत्नी' लिहिलं.

इम्युनोग्लोब्युलिनचं ठरलं तेव्हा मी केसपेपर मागितला. नुसता बघायला. हे औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढतात आणि वजनावर मोजून देतात: किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. केसपेपरवर वजन 80 किलो लिहिलं होतं. कॅज्युअल्टीत आडव्या पेशंटचं वजन कोणी करत नाही, अंदाजानं लिहितात, आणि हे उंचीनं दांडगे दिसतात. पण डिसेंबरात आमच्या डॉक्टरांकडे काट्यावर उभे राहिले तेव्हा 62 भरले होते. त्यांची चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. 80 धरलं तर 160 ग्रॅम, 62 धरलं तर 124. पाच ग्रॅमची एक बाटली, आणि एकेका बाटलीची किंमत वीस हजारांच्या आसपास. पैशांचं तर होतंच. पण जास्तीचं औषध रक्त दाट करतं आणि निजून असलेल्या माणसाला ते परवडत नाही, असं नंतर न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं. वजन खोडून त्यांनी नवं लिहिलं, शेजारी सही केली. मी त्यांना आणखी एक विचारलं: प्लाझ्मा बदलायची पद्धत स्वस्त पडते असं बाहेर ऐकलं, ती का नाही? रागावले नाहीत. दोन्हींचा गुण सारखाच येतो, पण ह्यांचं ब्लड प्रेशर तासातासाला वरखाली होतंय, त्यात रक्त बाहेर काढून फिरवणं धोक्याचं आहे, म्हणाले. उत्तर दोन वाक्यांचं होतं. ते मिळाल्यावर माझ्या मनात पुन्हा कधी त्या निर्णयाबद्दल खळखळ झाली नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण त्यात नवल काही नाही. माझ्या पाटल्या, पतपेढीचं कर्ज, शाळेतल्या बायांनी गोळा केलेलं पाकीट. सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढे रेशनकार्ड घेऊन दोन दिवस. लिफ्टच्या शेजारी रुग्ण हक्क सनदेचा बोर्ड होता. 2021पासून राज्यातल्या खासगी रुग्णालयांना तो लावावा लागतो. खुर्चीवर बसून बसून मला तो पाठ झाला. औषध रुग्णालयाच्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही, हे त्यात वाचलं आणि भाऊजींना सदाशिव पेठेतल्या घाऊक विक्रेत्याकडे पाठवलं. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून, पक्क्या बिलासकट, ते बाटल्या घेऊन आले. खोकं मांडीवर धरून रिक्षात बसलेले भाऊजी मला अजून दिसतात.

आता खरं जे सांगायचंय ते.

नळी घशात असलेला माणूस बोलू शकत नाही. जीबीएस इतका बळावला की बऱ्याचदा तो हातही हलवू शकत नाही, चेहराही नाही. ह्यांच्या पापण्यासुद्धा पुरत्या मिटत नव्हत्या, रात्री चिकटपट्टी लावायचे. पण आतला माणूस पूर्ण जागा असतो. ऐकू येतं, दुखतं, कळतं. मेंदूला ह्या आजाराचा धक्का नसतो. हे डॉक्टरांना माहीतच असतं, पण माहीत असणं आणि राउंडच्या घाईत लक्षात राहणं यात फरक पडतो. सहाव्या दिवशी ह्यांच्या पायाशी उभं राहून एक मोठे डॉक्टर शिकाऊ मुलांना इंग्रजीत सांगत होते की ह्या केसमध्ये नस आतून खराब झाली असेल तर सुधारणा फार अपुरी राहते. मॉनिटरवर ह्यांचे ठोके 96 वरून 130 वर गेलेले मी बघितले. मी म्हटलं, "सर, ह्यांना इंग्रजी येतं. ते ऐकतायत. बाहेर बोलू या का?" क्षणभर सगळे गप्प. मग ते डॉक्टर स्वतः ह्यांच्या उशाशी गेले, खांद्यावर हात ठेवून मराठीत म्हणाले, "अजून सांगता येत नाही. बरेच लोक चालायला लागतात." नंतर बरे झाल्यावर ह्यांनी मला तो सगळा प्रसंग शब्दन् शब्द सांगितला.

त्याच रात्री ब्लड प्रेशर 190 झालं, हे अस्वस्थ आहेत म्हणून झोपेचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या रात्री तेच. ह्या आजारात प्रेशर असं उसळतं हे खरंच आहे. पण मला वाटत राहिलं, हे काहीतरी सांगतायत.

घरी येऊन मी कपाटातून पहिलीच्या वर्गाचा वर्णमालेचा तक्ता काढला. इतकी वर्षं शिकवला, पण त्या रात्री पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. क ख ग घ ङ. खाली च छ ज झ ञ. पाच ओळी, पाच रकाने. आधी ओळ विचारायची, मग त्या ओळीतलं अक्षर. फार तर दहा प्रश्नांत कुठलंही व्यंजन सापडतं. खाली य र ल व, श ष स ह. काना-मात्रा सोडूनच द्यायच्या; त्या अंदाजानं भरायच्या. बुबुळं तेवढी ह्यांची ठणठणीत हलत होती. बुबुळ वर म्हणजे हो.

सकाळच्या पंधरा मिनिटांत तक्ता समोर धरला, खुणा समजावल्या. "क-ची ओळ?" वर. "क?" वर. पुढचं. "क-ची? च-ची? ट-ची? त-ची?" वर. "त? थ? द? ध? न?" वर.

क, न.

कोण? किन? कान?

बुबुळं वर. मी वाकून बघितलं. दर दोन तासांनी कुशीवर वळवताना ह्यांचा डावा कान उशीखाली दुमडला जात होता आणि तसाच राहत होता. लालबुंद झाला होता, कडेला कातडी सोलवटलेली. हलवता न येणाऱ्या डोक्याचं सगळं वजन त्या कानावर, दोन-दोन तास. मी कान सरळ केला. डोळ्यांतून पाणी आलं ते ह्यांच्या. पुसायला हात ह्यांना नव्हते, माझे होते. त्या रात्री प्रेशर 140च्या वर गेलं नाही.

पंधरा मिनिटं सकाळी, पंधरा संध्याकाळी. एवढ्यात दोन शब्द होतात. मी अर्ज लिहिला. मा. वैद्यकीय अधीक्षक यांस. 'पेशंटशी संवाद साधण्याची पद्धत मला येते, त्यामुळे दुखणं कुठे आहे ते कळतं, तरी सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास जास्त मिळावा.' पहिला अर्ज कुठे गेला कळलं नाही. दुसऱ्याची पोच घेतली. तिसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. त्यापेक्षाही मोठी गोष्ट मात्र अर्जाविनाच झाली. दुपारच्या ड्यूटीला केरळची एक सिस्टर होती, मराठी जेमतेम बोलायची, वाचता येत नव्हतं. तिनं तक्ता हातात घेतला, मला एकदा म्हणून दाखवायला सांगितलं आणि हसली. "सेम आहे," म्हणाली, "आमच्या मल्याळममध्ये पण क, च, ट, त, प." त्या दिवसापासून मी नसताना ती ह्यांच्याशी बोलायची. ऐकून ऐकून अक्षरं आपल्या लिपीत एका कागदावर लिहून ठेवायची आणि संध्याकाळी मला वाचून दाखवायची: "त, ह, न. काय ते?" तहान. "म, ल, ग, प, प, र?" मुलगी, पेपर. लेकीची बारावी 11 फेब्रुवारीला सुरू होत होती. आयसीयूच्या पलंगावर, पायाचा अंगठा हलवता येत नसताना, हा माणूस पेपरचं विचारत होता. तो मल्याळममधला कागद मी फाईलला लावून ठेवलाय.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी गळ्याला भोक पाडून नळी तिथून घालायचं डॉक्टरांनी सुचवलं. तोंडातली नळी फार दिवस ठेवली तर घसा खराब होतो, आणि व्हेंटिलेटर अजून बरेच दिवस लागणार होता. बाहेर खुर्च्यांवर आमची बैठक बसली. सासूबाई फोनवर रडत होत्या. भाऊजी म्हणाले, "वहिनी, गळा कापायचा म्हणजे... एकदा ते केलं की माणूस परत येत नाही असं म्हणतात." जाऊबाईंच्या माहेरचं कोणीतरी गेलं होतं तसं. मी डॉक्टरांना सगळं विचारलं होतं: भोक पुढे बुजतं का, बोलता येतं का, न केलं तर काय. तरीही फॉर्म पुढे आला तेव्हा हात उचलेना. माझ्या सहीनं दुसऱ्याचा गळा.

सिस्टर म्हणाली, "त्यांना विचारा ना."

खरं तर मला हे सुचायला हवं होतं. अठरा दिवस मी ह्यांच्या वतीनं बोलत होते आणि बोलता बोलता ह्यांच्या वतीनं ठरवायलाही लागले होते. आत गेले. ह्यांच्या उशाशी बसून, पहिलीच्या मुलाला सांगावं तसं सावकाश, चांगलं वाईट दोन्ही सांगितलं. भाऊजी काय म्हणतात तेही सांगितलं. मग तक्ता धरला.

पहिली ओळ, पहिलं अक्षर. क.

मग पाचही ओळींना बुबुळं हलली नाहीत. खाली आले. य? र?

वर.

आणखी आहे का, विचारलं. नाही. कुठली मात्रा भरायची नव्हती, अंदाज करायचा नव्हता. बाहेर येऊन मी भाऊजींना तक्त्यावरची दोन अक्षरं बोटानं दाखवली आणि सही केली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मशीन निघालं. गळ्याच्या नळीच्या तोंडाला झाकण लावलं तेव्हा पहिला आवाज आला तो ह्यांचा वाटेना, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. मी विचारलं, "त्या रात्री नळी घालायच्या आधी काय म्हणाला होतात?" बराच वेळ लागला सांगायला. वर्कशॉपचा मेन स्विच बंद केलाय का ते शेजारच्याला फोन करून विचार, असं म्हणाले होते. मी कितीतरी रात्री त्या न कळलेल्या वाक्यावर काढल्या होत्या.

निघताना सगळ्या कागदांच्या प्रती मागितल्या. अर्ज दिल्यापासून 72 तासांत त्या द्याव्या लागतात, दुसऱ्याच दिवशी मिळाल्या. चारशेहून जास्त पानं. घरी आल्यावर एका रविवारी मी ती चाळली. 24 जानेवारीच्या पानावर पहाटे तीन वाजताची नोंद आहे, इंग्रजीत, घाईच्या अक्षरात: नातेवाइकांनी एका श्वासातले आकडे 31, 24, 17 असे सांगितले. माझं नाव नाही. पण आकडे तिन्ही बरोबर आहेत.

आता ऑगस्ट आहे. हे काठी घेऊन जिना उतरतात. बोटांत अजून ताकद यायचीय. नस आतून दुखावली असेल तर ती दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते, आणि पाठीच्या कण्यापासून बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोठं आहे. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी नऱ्ह्याला वर्कशॉपमध्ये जाते. हे स्टुलावर बसतात. लेथ शेजारचा मुलगा चालवतो, माप ह्यांनीच घ्यायचं असतं. वर्नियर जॉबला लावून त्याचा बारका स्क्रू आवळायला अंगठ्यात जोर लागतो, तो मी आवळते. मग हे चष्मा वर करून वर्नियर उजेडात धरतात आणि आकडा वाचतात. मी लिहून घेते.